अंजिराला गोणपाट गुंडाळायचे दिवस

दसरा जवळ आला की माझ्या डोक्यात एकच विषय सुरू होतो, कढीपत्ता आत कधी घ्यायचा. फोनवर रात्रीचं तापमान बघायचं, परत बघायचं, झोपायच्या आधी अजून एकदा बघायचं. इथे न्यू जर्सीत ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा असा असतो की दुपारी हाफ स्लीव्हजमध्ये बाहेर फिरता येतं आणि रात्री पारा एकदम खाली. ५० फॅरनहाइट, म्हणजे आपले १० सेल्सियस, ही माझी रेघ. त्याच्या खाली रात्र जायला लागली की कुंडी घरात, मग दुपारी कितीही ऊन पडू दे.

ही रेघ मी शिकले ती पहिलं झाड घालवून. या घरात आल्यावर पहिल्याच वर्षी, साधारण कमरेएवढं झालेलं कढीपत्त्याचं झाड होतं, मैत्रिणीने बारकं रोप दिलेलं ते मी वाढवलं होतं, आणि वाटलं की अजून दोन दिवस ऊन खाऊ दे. दुसऱ्या दिवशी सकाळी डेकवर गेले तर गवतावर पांढरं, आणि कढीपत्त्याची पानं शिजवल्यासारखी काळपट आणि मऊ. मी ती कुंडी आत आणून खिडकीत ठेवली, चार महिने पाणी घातलं, खोडाला नखाने खरवडून हिरवं दिसतंय का बघत राहिले. नाही आलं परत. आईशी फोनवर बोलताना रडू आलं होतं हे आजही आठवतं, झाडासाठी इतकं काय असं ज्यांना वाटेल त्यांना वाटू दे.

मी मूळची सासवडजवळच्या गावातली. वडील, म्हणजे अण्णा, अजून शेती करतात, अंजीर आहे, थोडा सीताफळ आहे. त्यामुळे झाडांची सवय लहानपणापासूनची, पण तिथलं सगळं ज्ञान इथे उलटं पडतं. तिकडे दसरा-दिवाळी म्हणजे रब्बीची धांदल, पाऊस उघडला, जमीन वाफशावर आली, आता पेरायचं. आणि इथे त्याच दिवसात सगळं आवरायचं, झाकायचं, झोपवायचं. आमचं घर पाव एकरावर आहे, म्हणजे आपले १० गुंठे, त्यात घर, ड्राइव्हवे वगैरे वजा जाऊन बाकी लॉन आणि झाडं. पहिली दोन वर्षं मी फॉलचं, म्हणजे इथल्या पानगळीच्या दिवसांतलं, काम म्हणजे सफाई समजत होते, पानं गोळा करा, सगळं कापा, वाफे मोकळे करा, चकाचक. आता ९ वर्षांनी मला मनापासून वाटतं की ही सफाई नाहीच, हे पांघरूण घालायचं काम आहे. आणि जेवढं कमी साफ कराल तेवढं बरं, फक्त कुठे करायचं आणि कुठे नाही हे कळलं पाहिजे.

आधी कुंड्यांचं सांगते कारण आपल्या लोकांचे सगळे प्रश्न त्याचेच असतात. कढीपत्ता, मोगरा, जास्वंद, तुळस. आत आणायच्या आठवडाभर आधी मी प्रत्येक कुंडी पाइपाच्या जोरदार पाण्याने धुते, वरून नाही, पानांच्या खालून, कारण मावा आणि ते चिकटून बसणारे तपकिरी खवल्यासारखे कीडे खालच्या बाजूलाच असतात. मग कडुनिंबाचं तेल आणि थोडा लिक्विड साबण पाण्यात मिसळून फवारा, संध्याकाळी, उन्हात नाही. चार-पाच दिवसांनी परत एकदा. हे नाही केलं तर डिसेंबरमध्ये घरभर चिकट होतं, खिडकीची चौकटसुद्धा. आत आणल्यावर पानं गळतात, गळू दे, प्रकाश कमी झालाय म्हणून झाड स्वतःच भार कमी करतं. अशा वेळी आपण घाबरून जास्त पाणी घालतो आणि तिथेच मुळं कुजतात. माती दोन बोटं खोल कोरडी लागली तरच पाणी, आणि खत मार्चपर्यंत अजिबात नाही. दक्षिणेची खिडकी मिळाली तर उत्तमच, नसेल तर एक साधा ग्रो लाइट घ्या. हीटरच्या झोताखाली मात्र ठेवू नका. तुळस मी आत आणते पण ती फेब्रुवारीपर्यंत बहुतेक काडीच राहते, म्हणून मंजिऱ्या आधीच वाळवून डबीत ठेवते आणि एप्रिलमध्ये नव्याने पेरते.

अळू जमिनीत असतो. गणपतीत त्याची भाजी होते, दसऱ्याला वड्या, आणि पहिला फ्रॉस्ट, म्हणजे गवतावरचं ते पांढरं हिम, पडायच्या आदल्या दिवशी जेवढी पानं आहेत तेवढी सगळी आत. हा दिवस आमच्या घरात सणासारखाच असतो खरं तर. अंदाज आला की आज रात्री फ्रॉस्ट, की ऑफिसातून आल्यावर टॉर्च घेऊन बाहेर, लेक टोपली धरते, नवरा मिरच्या तोडतो, मी टोमॅटो. हिरवे टोमॅटो ढीगभर निघतात. ज्यांच्यावर जरा पिवळट झाक आली असेल ते कागदी पिशवीत घालून ठेवले की पिकतात, बाकीच्यांची दाण्याचं कूट घालून चटणी. झेंडूही त्याच रात्री तोडून घेते, कारण सकाळी तो काळा पडलेला बघवत नाही. त्यातली चांगली भरदार फुलं वाळवून बी ठेवायचं. अळूचे कंद मात्र लगेच काढायचे नाहीत, पानं फ्रॉस्टने काळी होऊन पडली की मग खणायचे, माती झटकायची, आठवडाभर गॅरेजमध्ये सुकवायचे आणि वर्तमानपत्रात गुंडाळून बेसमेंटमध्ये. धुवायचे नाहीत, धुतलेले कुजतात.

आता पानं. आमच्या मागे दोन मोठे मेपल आणि एक ओक आहे. मेपल ऑक्टोबरअखेरीस दोन आठवड्यांत मोकळा होतो, ओकचं तसं नाही, तो नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत पानं धरून बसतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे गेली की पाच वाजता अंधार, म्हणजे नोकरी करणाऱ्या माणसाला फक्त शनिवार-रविवार. त्या दोन दिवसांत सगळ्या गल्लीत लीफ ब्लोअरचा आवाज, आणि रस्त्याच्या कडेला खाकी कागदी पिशव्यांची रांग. मीही भरत होते. एका वर्षी ४० पिशव्या भरल्या होत्या, कंबर गेली, आणि मग वसंतात दुकानातून पैसे देऊन मल्चच्या पिशव्या आणल्या वाफ्यांवर टाकायला. हे अण्णांना सांगितलं तर ते फोनवर एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "अगं, पालापाचोळा तू देऊन टाकतीस आणि आच्छादन इकत आणतीस?" त्यांना राग नव्हता आला, त्यांना खरंच कळेना. तेव्हापासून एकही पिशवी रस्त्यावर ठेवली नाही.

करायचं काय तर लॉनवर पातळ थर असेल तर मोवर त्याच्यावरूनच चालवायचा, ब्लेड ३ इंचांवर, दोनदा आडवा-उभा. पानांचा चुरा होतो, गवतात खाली बसतो, वसंतापर्यंत दिसतही नाही. जाड थर मात्र ठेवायचा नाही, ओल्या पानांचा थर बसला की खालचं गवत गुदमरतं आणि बर्फ वितळल्यावर तिथे टक्कल पडलेलं असतं. ती जास्तीची पानं ओढून वाफ्यांवर, झुडपांच्या खाली, कुंपणाच्या कडेला. बुंध्याला टेकवून ढीग नाही करायचा. इथे लोक झाडाच्या बुंध्याभोवती मल्चचा वारुळासारखा उंचवटा करतात ते बघून मला त्रास होतो, साल सतत ओली राहते, कुजते, उंदीर आत शिरून साल कुरतडतात. बुंध्यापासून चार-सहा इंच जागा मोकळी ठेवा आणि बाकी खुशाल पसरा.

आणि पानं ठेवण्याचं सगळ्यात मोठं कारण माझ्यासाठी काजवे. लहानपणी उन्हाळ्याच्या शेवटी, पहिल्या पावसाच्या आधी, मामाच्या गावाला काजवे बघितले होते, झाडच्या झाड चमकायचं. इथे जून-जुलैत लॉनवर काजवे येतात हे मला आधी माहीतच नव्हतं. त्यांच्या अळ्या वर्ष-दोन वर्षं माती आणि पाचोळ्यातच राहतात, गोगलगाई आणि गांडुळं खाऊन वाढतात. म्हणजे आपण नोव्हेंबरमध्ये पिशवीत भरून जो पाला देऊन टाकतो त्यात पुढच्या जूनचे काजवे असतात. फुलपाखरांचे कोष, पतंगांचे कोष तसेच. मागच्या कुंपणालगतची साधारण दहा फुटांची पट्टी मी आता हातच लावत नाही, कोनफ्लॉवरची वाळकी बोंडंसुद्धा तशीच, थंडीत गोल्डफिंच पक्षी येऊन त्यातलं बी खातात. यंदाच्या जूनमध्ये लेकीने त्या पट्टीवर काजवे मोजायचा प्रयत्न केला आणि साठाच्या पुढे सोडून दिलं. मला त्या रात्री फार भरून आलं.

लॉनबद्दल थोडक्यात. इथलं गवत थंडीतलं आहे, फेस्क्यू आणि ब्लूग्रास, त्यामुळे नवीन बी टाकायचं असेल तर सप्टेंबर हा महिना, आत्ता नोव्हेंबरात टाकून उपयोग नाही. खताचा मात्र न्यू जर्सीत कायदाच आहे, २०११ चा, घरमालकाने १५ नोव्हेंबर ते १ मार्च लॉनला खत घालायचं नाही. कारण सरळ आहे, जमीन गारठली की गवत खत घेत नाही आणि ते सगळं वाहून ओढ्यात आणि खाडीत जातं. हे नव्याने घर घेतलेल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं.

छाटणीची हौस आवरा, हे मी हात जोडून सांगते. दुसऱ्या वर्षी मी हायड्रेंजियाची वाळकी डोकी बघून सगळं झुडूप फूटभर ठेवून कापलं, आपल्याकडे गुलाब कापतो तसं. पुढच्या उन्हाळ्यात पानं भरघोस आणि फूल एकही नाही. मोठ्या निळ्या-गुलाबी गेंदाच्या हायड्रेंजियाच्या कळ्या आदल्या उन्हाळ्याच्या काड्यांवरच तयार होऊन बसलेल्या असतात, मी त्याच कापून टाकल्या होत्या. अझेलिया, लायलॅक, फोर्सिथिया सगळ्यांचं असंच. मोडलेली, मेलेली फांदी काढा, बाकी फुलून गेल्यावर बघा.

पाण्याच्या पाइपाचं विसरू नका. बाहेरच्या नळाला होज लावलेला तसाच राहिला होता एका वर्षी, आत पाणी अडकलं, गोठलं, आणि जानेवारीत बेसमेंटच्या भिंतीतून धार. आता ऑक्टोबरअखेर होज काढायचा, आतून व्हॉल्व्ह बंद करायचा, मग बाहेरचा नळ उघडा ठेवायचा. स्प्रिंकलर असेल तर कॉम्प्रेसरने पाणी बाहेर काढून घ्यायचं, ते येणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या, हवेचा दाब जास्त झाला तर नळ्या फुटतात.

पण स्प्रिंकलर बंद केला म्हणजे झाडांना पाणी बंद असं नाही. कडेला आर्बोरव्हायटीची, म्हणजे कुंपणासारख्या लावलेल्या सदाहरित झाडांची, रांग असते ना सगळ्यांची, ती हिरवी राहते थंडीभर, म्हणजे पानांतून पाणी उडतच असतं, वाऱ्याने तर जास्तच, आणि जमीन गोठल्यावर मुळांना पाणी ओढता येत नाही. मार्चमध्ये ती तांबूस-तपकिरी का दिसतात तर यामुळे. जमीन गोठेपर्यंत, पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा, बादलीने का होईना, बुडाशी सावकाश पाणी द्या, यंदा लावलेल्या झाडांना तर नक्कीच. आणि हरणं. हरणांना आर्बोरव्हायटी म्हणजे आपल्याला मेथी, जिथवर मान पोचते तिथवर साफ करतात. जाळी लावायची तर थँक्सगिव्हिंगच्या आधी, एकदा चटक लागली की मग ती रोज येतात.

पाइप, नळ झाले की मी एक पूर्ण दुपार फक्त झाडांच्या खोडांवर हात फिरवत घालवते, लँटर्नफ्लाय नावाच्या, झाडांचा रस शोषणाऱ्या किड्याच्या अंड्यांसाठी. हा किडा २०१४ मध्ये शेजारच्या पेनसिल्व्हेनियात सापडला आणि २०१८ मध्ये इकडे आला. मादी सप्टेंबरपासून थंडी कडक होईपर्यंत अंडी घालते, वाळलेला चिखल थापल्यासारखा करडा डाग दिसतो, एका डागात ३० ते ५० अंडी. खोडावर, दगडावर, खुर्चीच्या खाली, ग्रिलच्या कव्हरच्या आत, कुठेही. जुनं प्लास्टिकचं कार्ड घेऊन खरवडायचं आणि झिपच्या पिशवीत हँड सॅनिटायझर घालून त्यात टाकायचं. नुसतं खाली पाडलं तर अंडी मरत नाहीत. लेकीला हे काम फार आवडतं, ती चिठ्ठीवर आकडा लिहून फ्रिजवर लावते, यंदा २३.

लसूण लावला की माझा वाफ्यांचा हिशोब संपतो. हे एकच पीक असं आहे की जे अण्णा आणि मी एकाच सुमाराला लावतो. त्यांच्याकडेही ऑक्टोबर-नोव्हेंबर, माझ्याकडेही. पाकळीचं टोक वर, दोन इंच खोल, सहा इंचांवर एक, आणि वर वीतभर पाला. त्यांचा लसूण होळीच्या आसपास निघतो, माझा पुढच्या जुलैत, कारण माझा मधले तीन महिने जमिनीखाली नुसता थांबून राहतो. कडक दांड्याची जात घ्या, थंडी तिलाच मानवते.

आणि आता अंजीर.

आमच्या उजव्या हाताला जे आजोबा राहतात त्यांचे वडील इटलीहून आलेले, येताना अंजिराची काडी आणली होती. ते झाड अजून त्यांच्या गॅरेजच्या दक्षिण भिंतीला आहे. इथल्या जुन्या इटालियन घरांतून ही रीतच आहे, थंडीत अंजीर गुंडाळून ठेवायचा, नाहीतर पारा मायनस १०-१२ सेल्सियसच्या खाली गेला की लाकूड मरतं. आजोबा सांगतात की त्यांचे वडील तर एका बाजूची मुळं तोडून आख्खं झाड आडवं करायचे आणि चरात पुरायचे, वर फळ्या आणि माती, आणि एप्रिलमध्ये परत उभं करायचे. पहिल्या वर्षी मी त्यांच्या अंगणात ते गुंडाळलेलं झाड बघितलं तेव्हा मला काय आहे तेच कळलं नव्हतं, कोणीतरी गोधडी पांघरून उभं आहे असं वाटलं. मी विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि मी सांगितलं की माझ्या वडिलांचीही अंजिराची बाग आहे. त्यावर ते आत गेले आणि मोठा चष्मा लावून आले, म्हणाले दाखव फोटो. पुढे एका वसंतात त्यांनी मला त्या झाडाची काडी दिली. ती आता सहा वर्षांची आहे, माझ्या डोक्याच्या वर गेलीये.

आमच्याकडे पुरंदरात अंजिराला दोन बहार, खट्टा आणि मीठा. मीठा बहाराची छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. त्याआधी पाणी तोडतात, झाडाला ताण देतात, पानं गळतात, झाड उघडं होतं, मग छाटणी आणि पाणी दिलं की फुटतं. म्हणजे तिकडे झाडाला विश्रांती माणूस देतो. इथे ती थंडी देते, तीही मापात नाही, म्हणून माणसाने मध्ये उभं राहायचं. मला हे फार जवळचं वाटतं, अण्णा पाणी तोडून जे करतात तेच मी गोणपाट गुंडाळून करते, झाड एकच.

यंदा आजोबांचा खांदा दुखतोय, त्यामुळे गेल्या शनिवारी दोन्ही झाडं आम्हीच गुंडाळली, ते खुर्ची टाकून बसले आणि सांगत होते. घाई करायची नाही, पानं सगळी गळून दोन-तीन फ्रॉस्ट खाऊ द्यायचे. उरलेली हिरवी फळं तोडायची. उंच फांद्या छाटून डोक्याएवढं ठेवायचं. मग खालून सुरुवात करून मऊ दोरीने फांद्या हळूहळू आत ओढून बांधायच्या, एका दमात नाही, एक फेरा, थांबा, दुसरा फेरा, लाकूड कुरकुरलं की सैल सोडा. मी दोर ओढत होते आणि नवरा फांद्यांना मिठी मारून उभा होता. त्यावर गोणपाटाचे दोन फेरे, मध्ये कोरडी मेपलची पानं ठासून, वर जुनी गालिच्याची पट्टी, मग ताडपत्री, आणि सुतळीने घट्ट. प्लास्टिक झाडाला चिकटून कधीच नको, आत वाफ धरते, बुरशी येते, आणि फेब्रुवारीत चार दिवस ऊन पडलं की झाडाला उन्हाळा वाटून कळ्या फुटतात. बुंध्याभोवती फूटभर पाला. सगळ्यात शेवटी टोकावर बादली उपडी, पाऊस आत जाऊ नये म्हणून. आजोबांच्या झाडावर त्यांच्या वडिलांची लोखंडी बादली जाते, कडी तुटलेली, तळाला डांबर लावलेलं. ती त्यांनी माझ्या हातात दिली आणि मी स्टुलावर चढून ठेवली. ते काही बोलले नाहीत, नुसतं बघत होते.

रात्री अण्णांना दोन्ही झाडांचे फोटो पाठवले. तिकडे सकाळ झालेली, ते बागेतच होते. त्यांनी फोटो मोठा करून बघितला असणार कारण लगेच फोन आला.

"पाचोळा घातलायस का आत?"

"हो अण्णा, भरपूर."

"मग खालच्या अंगाला जाळी लावलीस का? उंदराला आयतं घर झालं की ते. थंडीत साल खाईल, आणि तुला एप्रिलपर्यंत कळायचं नाही."

जाळी लावलीच नव्हती, दोन्ही झाडांना. गॅरेजमध्ये मागच्या वर्षीचा बारीक तारेच्या जाळीचा तुकडा होता. टॉर्च लेकीच्या हातात दिला, जाकीट चढवलं आणि आम्ही दोघी आधी आजोबांच्या अंगणात गेलो.